ताडपत्रीवरचा ग्रंथव्यवहार

५ डिसेंबरच्या दुपारपासून दादरच्या शिवाजी पार्कात सुतळ्या कापल्या जातात. गठ्ठ्यांवरचा खाकी कागद निघतो आणि पुस्तकं टेबलावर, टेबल नसेल तर जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर ओळीनं लागतात. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन असतो. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रीच्या गाड्यांनी आलेली माणसं चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभी राहतात, दर्शन घेतात आणि परतीच्या वाटेवर या ओळींपाशी थबकतात. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर आणि हातात संविधानाची प्रत, हे इथलं नेहमीचं दृश्य. नागपूरला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला असाच बाजार भरतो. आपल्या गावात पुस्तकाचं दुकान नसलेला वाचक वर्षाची खरेदी इथं करतो.

या बाजारात मोठ्या प्रकाशकांचे सजवलेले स्टॉल असतात, बाबासाहेबांच्या लेखनाच्या सरकारी खंडांचा असतो, आणि त्यांच्या मधल्या फटींत लेखक स्वतः बसलेला असतो. निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, तालुक्याच्या कॉलेजातला प्राध्यापक. आत्मचरित्र, कवितासंग्रह, गावातल्या चळवळीचा इतिहास किंवा बावीस प्रतिज्ञांवरची पुस्तिका त्यानं पदरच्या पैशांनी छापलेली असते. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि बायकोची नाराजी, दोन्ही त्या गठ्ठ्यात बांधलेली असतात. मुखपृष्ठ भडक, बांधणी पिना मारलेली. मागच्या पानावर प्रकाशक म्हणून घरातल्याच कुणाचं नाव, घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर.

हा माणूस दुकानात न जाता इथं का येतो, ते हिशेब मांडला की कळतं. समजा, पुस्तिका ८० पानांची, म्हणजे सोळा पानी पाच फॉर्मची आहे. हजार प्रती छापल्या, प्रतीला २५ रुपये खर्च आला, किंमत ठेवली ६०. वितरक निम्मं कमिशन कापतो. उरलेल्या ३० रुपयांत छपाई भागून पाच रुपये सुटतात, तेही प्रत विकली गेल्यावर आणि उधारी वसूल झाल्यावर. सहा महिन्यांनी न खपलेल्या प्रती परत येतात, त्यांचे कोपरे दुमडलेले असतात. ताडपत्रीवर तीच प्रत ५० ला गेली तरी पैसे रोख मिळतात आणि संध्याकाळी मोजता येतात. मराठी पुस्तकाच्या धंद्याचा खरा आजार उधारी आहे. शिवाजी पार्कात दोन-तीन दिवस तो बरा होतो.

दुकानदाराची बाजूही लबाडीची नाही. त्याच उधारीच्या साखळीत तो मधला दुवा आहे, आणि जागेचं भाडं, नोकराचा पगार, विजेचं बिल त्याला महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं. याच शहरात फोर्टमधलं स्ट्रँड बुक स्टॉल फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये एका चित्रपटगृहाच्या आवारात ते सुरू केलं होतं. छापील किमतीवर सवलत देऊन त्यांनी तीन पिढ्यांना वाचायची चटक लावली, २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ऑनलाइन कंपन्या त्याहून मोठी सवलत देऊ लागल्या आणि सवलतीवर उभ्या राहिलेल्या दुकानाकडे द्यायला वेगळं काही उरलं नाही.

पदरमोड करून छापणं ही हौशी लेखकाची खोड आहे असं समजणाऱ्यांनी या बाजाराचा मूळपुरुष आठवावा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि लिहिलेलं भाषण वाचून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, १५०० प्रती, किंमत आठ आणे. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याची दखल घेताना किंमत दोन आणे, निदान चार आणे करावी असंही सुचवलं. पण आवृत्ती आठ आण्यांनाच दोन महिन्यांत संपली.

वीस वर्षांनी प्रसंग अवघड होता. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ लिहून तयार होतं आणि छपाईचा खर्च वीस हजारांच्या घरात जात होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. हा खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीनिमित्त सरकारनं ग्रंथालयांसाठी आणि विद्वानांसाठी सुमारे ५०० प्रती घ्याव्यात, अशी विनंती त्यात होती. उत्तर दुसऱ्याच दिवसाच्या तारखेचं आलं. जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेला पैसा संपला आहे, पत्र जयंती समितीचे अध्यक्ष राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो, आणि सोहळ्याला पुष्कळ लोक येतील तेव्हा पुस्तक तिथं विक्रीला ठेवावं, चांगलं खपेल, असा त्याचा आशय. तीन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. पुस्तक १९५७ मध्ये सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनानं काढलं. घटनेच्या शिल्पकाराला ५०० प्रतींचा गिऱ्हाईक मिळाला नाही. नेहरूंचा सल्ला मात्र त्यांच्या कल्पनेपलीकडे खरा ठरला. दर ६ डिसेंबरला हा ग्रंथ कितीतरी ताडपत्र्यांवर मांडलेला असतो आणि लोक तो घरी नेतात.

चां. भ. खैरमोडे यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं बारा खंडांचं चरित्रही असंच छपाईसाठी ताटकळलं. पहिला खंड १९५२ चा. खैरमोडे १९७१ मध्ये गेले तेव्हा बरेच खंड छापायचे बाकी होते.

या बाजाराचे स्वतःचे तिढेही आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं त्यांचं लेखन २०१७ पासून कुणालाही छापता येतं. वाचकासाठी हे चांगलंच झालं. पण एकच पुस्तक दहा जण छापतात, शेजारच्या स्टॉलपेक्षा दहा रुपये कमी लावतात, आणि त्या ओढाताणीत कागद हलका होतो, मुद्रितशोधन गळतं. राज्य सरकारनं १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेले लेखन आणि भाषणांचे खंड शुद्धतेला भरवशाचे आणि स्वस्तही. ते वेळेवर मिळत नाहीत ही लोकांची तक्रार इतकी वाढली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वृत्तपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घेतली.

नवा लेखक या ओढाताणीत आणखी मागे ढकलला जातो. लांबून आलेला वाचक खिशातले पैसे आधी संविधानावर, मग चरित्रावर खर्च करतो. अनोळखी कवीची पाळी शेवटी येते. गाडीभाडं, दोन दिवसांचं खाणं आणि परत न्यायचा गठ्ठा धरला तर कित्येकांचा व्यवहार तोट्यातच जातो. तरी ते पुढच्या वर्षी येतात, कारण वर्षाचे उरलेले दिवस याहून वाईट असतात.

त्या दिवसांत आधार पोस्टाचा. छापील पुस्तकं स्वस्तात पाठवायची रजिस्टर्ड बुकपोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बंद झाली, तेव्हा घरून पुस्तकं पाठवणाऱ्यांचा श्वास कोंडला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोंपर्यंत १०० रुपये, वर कर. ६० रुपयांच्या पुस्तिकेला २० रुपये टपाल म्हणजे एक तृतीयांश किंमत वाटेतच गेली, पण कुरिअरपेक्षा ते बरं. करांचं गणित असंच तिरपं आहे. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून आपण खूश असतो. कागदावर तो आहे, जुलै २०२२ पासून छपाईच्या शाईवर १८ टक्के आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो भार किमतीत मुरतो.

दुकानं बंद पडली की आपण वाचक उरला नाही म्हणतो. शिवाजी पार्कातली ताडपत्री हे खोटं पाडते. रोजंदारी बुडवून, उपाशी-अर्धपोटी प्रवास करून आलेला माणूस पुस्तक विकत घेतो, तेही रोख देऊन. मोडलेला आहे तो छापणारा आणि वाचणारा यांच्यामधला रस्ता.

तो बांधायचं काम सरकारचं, ग्रंथालयांचं, प्रकाशकांचं आहेच. आपल्या हातातली गोष्ट लहान आहे. पुढच्या ६ डिसेंबरला किंवा गावच्या जत्रेत, संमेलनात असं एखादं पुस्तक हाती आलं, तर ते उलटून मागचं पान बघा. प्रकाशकाच्या जागी घरचा पत्ता दिसला, तर सवलत मागू नका. छापील किंमत मोजा आणि वाचून झाल्यावर त्या नंबरावर एक फोन करा.