ऑफ्रेडचा आवाज पडद्यावर कुठं गेला?

१९८४च्या वसंतात मार्गारेट ॲटवूड पश्चिम बर्लिनमध्ये राहत होत्या. शहराला भिंतीचा वेढा होता. जर्मन कळफलकाचा एक टाइपरायटर त्यांनी भाड्यानं आणला होता आणि त्यावर नव्या कादंबरीला हात घातला होता. दर रविवारी पूर्व जर्मनीची लढाऊ विमानं आवाजाचा वेग ओलांडून धमाके करत आणि आपण किती जवळ आहोत याची आठवण करून देत. भिंतीपलीकडं गेल्यावर माणसं कशी जपून बोलतात, मध्येच विषय कसा बदलतात, हे त्या पाहत होत्या. ‘द हँडमेड्स टेल’ १९८५मध्ये कॅनडात प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी १९९०मध्ये तिच्यावरचा चित्रपट बर्लिनच्याच महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा भिंत पडून जेमतेम तीन महिने झाले होते आणि महोत्सव शहराच्या दोन्ही भागांत भरला होता.

या कादंबरीसाठी ॲटवूड यांनी स्वतःला एक अट घालून घेतली होती : माणसांनी इतिहासात कुठं ना कुठं प्रत्यक्ष केलेलं नाही, असं काही लिहायचं नाही. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीनं १९६६मध्ये गर्भपातावर बंदी आणली होती. अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी कैदेतल्या आयांची मुलं काढून आपल्या मर्जीतल्या घरांत वाटली होती. सतराव्या शतकातलं न्यू इंग्लंडचं कडवं प्युरिटन जग तर ॲटवूड यांच्या अभ्यासाचाच विषय होता. पुस्तक ज्या दोघांना अर्पण केलं आहे त्यांतली मेरी वेबस्टर ही त्याच जगातली. चेटकीण ठरवून तिला झाडाला फासावर लटकवलं आणि तरी ती जिवंत राहिली.

त्यातून गिलियड उभं राहिलं. अमेरिकेतली लोकशाही उलथवून आलेलं हे धर्मराज्य. जन्मदर कोसळलेला. ज्यांना मूल होऊ शकतं अशा बायकांना लाल झगा आणि डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना झापडं येतील अशी पांढरी टोपी घालून सत्ताधारी कमांडरांच्या घरी ठेवलं जातं. त्यांना वाचायची बंदी आणि स्वतःचं नाव वापरायचीही बंदी. निवेदिका ऑफ्रेड ही त्यांपैकीच एक.

पण या कादंबरीतली सगळ्यांत मोठी गोष्ट गिलियड नव्हे, ऑफ्रेडचा आवाज आहे. तिला टोपीतून दिसतं तेवढंच ती सांगते. सांगताना थांबते, हे असं घडलंच नाही म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते. नवरा ल्यूक याचं काय झालं असेल, याच्या तीन वेगवेगळ्या शक्यता ती मनात धरून असते. तीनही एकाच वेळी खऱ्या मानते, कारण कुठलीही एक निवडली तर बाकीच्या गमवाव्या लागतील. शेवटी ती काळ्या गाडीत चढते. सुटकेकडं की मरणाकडं, तिला ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. त्यानंतर येतं ते परिशिष्ट. साल २१९५. एका परिषदेत प्राध्यापक पिएक्झोटो व्याख्यान देत आहेत. मेन राज्यातल्या बँगर इथं सापडलेल्या सुमारे तीस कॅसेटांवरून त्यांनी ही कहाणी जुळवली आहे. त्यांना ऑफ्रेडपेक्षा तिचा कमांडर नेमका कोण होता याचं कुतूहल जास्त. सभागृह हसतं. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यांत निष्ठुर पानं हीच. बाईनं जिवावर उदार होऊन दिलेली साक्ष पुढं विद्वानांच्या हाती केवळ एक कागदपत्र होऊन उरते.

म्हणून या कादंबरीच्या पडद्यावरच्या प्रत्येक रूपाला मी एकच प्रश्न विचारतो : या आवाजाचं तुम्ही काय केलंत?

१९९०च्या चित्रपटानं तो जवळपास काढूनच टाकला. दिग्दर्शक व्होल्कर श्लोन्डोर्फ, पटकथेवर नाव हॅरॉल्ड पिंटर यांचं, संगीत रिउइची साकामोतो यांचं, ऑफ्रेडच्या भूमिकेत नताशा रिचर्डसन, कमांडर रॉबर्ट डुव्हॉल, त्याची बायको फे डनवे. एवढी नावं एकत्र येऊनही चित्रपट पडला. सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर खर्चून अमेरिकेत जेमतेम ५० लाखांच्या आसपास कमाई झाली. पिंटर यांनी मध्येच अंग काढून घेतलं होतं, नंतर दिग्दर्शकानं आणि इतरांनी पटकथेत फेरफार केले, नाव मात्र त्यांचंच राहिलं. शांततेतून बोलणारा नाटककार म्हणून पिंटर यांची निवड कागदावर अगदी योग्य. पण इथं शांतता उलटी पडते. पुस्तकातली ऑफ्रेड तोंडानं गप्प असते, कारण आत ती अखंड बोलत असते. निवेदन काढलं की रिचर्डसन यांचा चेहरा नुसता गोंधळलेला, सोशिक दिसू लागतो. पुस्तकात कमांडर तिच्याशी चोरून स्क्रॅबल खेळतो. वाचायला बंदी असलेल्या बाईच्या हातात पुन्हा अक्षरं येतात, त्यांचा गुळगुळीत स्पर्श, शब्द जुळवण्याची जवळपास शारीरिक भूक, हे सगळं तिच्या मनात चाललेलं असतं. चित्रपटात हा नुसता एक खेळ होतो.

आणि शेवट. चित्रपटातली नायिका, जिला इथं केट असं सरळ नाव दिलं आहे, कमांडरचा गळा चाकूनं चिरते आणि पुढं डोंगरातल्या एका ट्रेलरमध्ये, गरोदर, प्रियकर निकची वाट पाहताना दिसते. अनिश्चितता सहन न होऊन कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा हा शेवट आहे. तरी या चित्रपटाची एक बाजू घ्यायला हवी. त्यातलं गिलियड लख्ख उजेडात घडतं. हिरवळ, स्वच्छ रस्ते, नीटस घरं. हुकूमशाहीत अंधार कमी आणि नीटनेटकेपणा जास्त असतो, हे श्लोन्डोर्फ यांनी ओळखलं होतं. नंतरच्या मालिकेपेक्षा ही नजर मला अधिक खरी वाटते.

ती मालिका हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर २६ एप्रिल २०१७ला सुरू झाली. कर्ते ब्रूस मिलर, मुख्य भूमिकेत एलिझाबेथ मॉस. पहिले तीन भाग रीड मोरानो यांनी दिग्दर्शित केले. त्या मूळच्या छायाचित्रणकार, आणि त्यांनी आवाजाच्या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्यातून शोधलं. मॉस यांचा चेहरा पडदाभर, इतका जवळ की मागचं सगळं धूसर. खिडकीतून येणारा उजेड एका गालावर. पांढऱ्या टोपीच्या कडा चौकटीच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे बाई जेवढं पाहू शकते तेवढंच आपणही पाहायचं. त्यावर तिचं निवेदन, तेही कडवट, चिडकं, कधी शिवराळ. ती बाहेर काय बोलते आणि आत काय म्हणते यांतली फट आपल्याला ऐकू येते. पुस्तकाचा गाभा इतका नेमका पकडणारं माध्यमांतर क्वचित होतं. त्या वर्षी मालिकेला आठ एमी मिळाले आणि उत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पहिल्यांदाच एका स्ट्रीमिंग सेवेकडं गेला. लाल झगा तर पडद्याबाहेरही पोचला : मार्च २०१७मध्ये, मालिका सुरू होण्याआधीच, टेक्सासच्या सिनेटमध्ये बायका निषेध म्हणून लाल झगे घालून बसल्या होत्या. पुढच्या वर्षी अर्जेंटिनात गर्भपाताच्या कायद्यासाठी हेच लाल झगे रस्त्यावर आले.

पण पहिला हंगाम काळ्या गाडीपाशी संपला. तिथं पुस्तकही संपतं. मालिकेला मात्र थांबायचं नव्हतं. एकूण सहा हंगाम, ६६ भाग, मे २०२५पर्यंत. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस जून (मालिकेत तिचं खरं नाव हेच) तान्ही मुलगी दुसरीच्या हाती सोपवून स्वतः गिलियडमध्ये मागं राहते. तिसऱ्याच्या शेवटी ती ८६ मुलांना विमानानं बाहेर काढते. चौथ्यात कॅनडात पोचते आणि कमांडर फ्रेडला जंगलात इतर बायकांसह ठार मारते. पाहताना मूठ आवळली जाते, हे मान्य. पण पुस्तकातली ऑफ्रेड शूर नाही. ती घाबरते, मैत्रीण मॉइरासारखं धाडस आपल्याला जमणार नाही हे जाणते, निकच्या प्रेमात पडल्यावर बंडखोरांसाठी माहिती काढायचं टाळते. सामान्य बाईनं सामान्य राहून तग धरणं, ही ॲटवूड यांची गोष्ट होती. मालिकेनं तिची सेनापती केली. मग तो जवळून दिसणारा चेहराही बदलला. पहिल्या हंगामात तो विचार लपवत होता. नंतर तो शत्रूवर रोखलेलं शस्त्र झाला. हिंसेबद्दल अनेकांनी तक्रार केली. माझी तक्रार हिंसेपेक्षा हाच चेहरा पुन्हा पुन्हा दाखवण्याची आहे.

आणखी एक बदल फारसा बोलला जात नाही. पुस्तकातलं गिलियड उघड वंशद्वेष्टं आहे. कृष्णवर्णीयांना गाड्यांत भरून दूर डाकोटात हाकललेलं आहे. मालिकेत ल्यूक, मॉइरा आणि जूनची थोरली मुलगी हॅना कृष्णवर्णीय आहेत आणि गिलियडला त्यांच्या वर्णाशी काही देणंघेणं नाही. कलाकारांच्या निवडीत वैविध्य आलं, ते चांगलंच झालं. पण धर्माच्या नावानं चालणारी अमेरिकी हुकूमशाही वंशभेद विसरेल, हे पटत नाही. मालिकेनं इथं इतिहासाला बगल दिली, आणि इतिहासातल्या पुराव्याखेरीज काही न लिहिण्याची अट पाळणाऱ्या लेखिकेच्या कथेत ही बगल जास्तच खुपते.

आता पुढच्या पुस्तकाकडं. ‘द टेस्टामेंट्स’ १० सप्टेंबर २०१९ला आलं आणि बर्नार्डिन इव्हारिस्टो यांच्या कादंबरीसोबत विभागून बुकर पारितोषिकाचं मानकरी ठरलं. नियम मोडून परीक्षकांनी दोघींना निवडलं. हे पुस्तक मालिकेच्या छायेत लिहिलेलं आहे. तान्ह्या मुलीचं निकोल हे नाव मालिकेतून आलं. लाल झग्यातल्या बायकांना वळण लावणाऱ्या आंट लिडियाला मारायचं नाही, हे ॲटवूड यांनी मालिकेच्या कर्त्यांना बजावलेलं होतं. म्हणजे पुस्तकाचं रूपांतर, आणि त्या रूपांतराला लेखिकेनं पुन्हा पुस्तकातून दिलेलं उत्तर.

आंट लिडियाच्या बाबतीत तर दोन उत्तरं एकाच उन्हाळ्यात समोर आली. जुलै २०१९मध्ये मालिकेनं तिचा भूतकाळ दाखवला : एक एकाकी शाळाशिक्षिका, एका विद्यार्थ्याच्या आईवर जीव लावणारी, मग स्वतःच्या अपमानाचा राग त्याच आईवर काढून तिचं मूल सरकारच्या ताब्यात देणारी. दोन महिन्यांनी ॲटवूड यांची लिडिया आली. ती कौटुंबिक न्यायालयातली न्यायाधीश. सत्तापालट झाल्यावर तिला कचेरीतून उचलतात, स्टेडियमवर इतर बायकांसोबत डांबतात. पाणी नाही, संडास तुंबलेले, रोज डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या जातात. नंतर एकांतकोठडी. शेवटी हातात बंदूक देऊन समोरच्या बायकांवर झाडायला सांगतात, आणि ती झाडते.

या दोन लिडियांत मी बिनदिक्कत ॲटवूड यांची निवडतो. मालिकेची लिडिया दुखावलेल्या मनामुळं क्रूर होते. अशा माणसाची कीव करून आपण सुटतो. पुस्तकातल्या लिडियाकडं बुद्धी आहे, कायद्याचं ज्ञान आहे, पर्यायही आहे, आणि ती जगणं निवडते. वर्षानुवर्षं ती गिलियड चालवते आणि त्याच वेळी त्याच्या कर्त्यांची गुपितं जमवते. आपलं लिखाण ती कार्डिनल न्यूमन यांच्या ‘अपोलोजिया प्रो व्हिटा सुआ’ या आत्मकथनाच्या पोखरलेल्या प्रतीत लपवते. ॲन डाऊड यांनी पडद्यावरच्या लिडियाला जी घनता दिली ती अफाट आहे, पण लेखणीनं राज्य पाडणारी बाई त्यांच्या वाट्याला सहा हंगामांत आली नाही. शेवटच्या हंगामात फाशीच्या फलाटावर ती बायकांच्या बाजूनं उभी राहते, ते एका क्षणाच्या पश्चात्तापासारखं. पुस्तकातला बदला अनेक वर्षं शिजत असतो.

याच पुस्तकावर आता स्वतंत्र मालिका झाली आहे. कर्ते पुन्हा ब्रूस मिलर, लिडिया पुन्हा डाऊड, ॲग्नेस म्हणून चेस इन्फिनिटी आणि डेझी म्हणून ल्यूसी हॅलिडे. केंद्रस्थानी कमांडरांच्या भावी बायका घडवणारी शाळा. वरवर पाहता हे पुस्तक पडद्याला सोपं आहे. तीन निवेदिका, सीमेवरून पलायन, हातावरच्या गोंदणात लपवलेली माहिती. पण जुन्या मालिकेनं एक गुंता करून ठेवला आहे. कादंबरी पंधराएक वर्षांनी घडते, तोवर तान्ही निकोल डेझी होऊन मोठी झालेली असते. मालिकेत मात्र शेवटी निकोल चिमुरडी, तर हॅना, म्हणजेच ॲग्नेस, किशोरवयाच्या उंबरठ्यावर आहे. ॲग्नेसला लग्नाच्या वयाची दाखवायची, तर काळाचं अंतर काही वर्षांवर आणावं लागतं, आणि मग ज्या बहिणींच्या नात्यावर पुस्तक उभं आहे तेच डळमळतं. माझ्या लेखी अधिक मोलाचा भाग वेगळाच आहे. लहानपणापासून अक्षरांपासून दूर ठेवलेली ॲग्नेस तरुणपणी आंटांच्या आर्डुआ हॉलमध्ये वाचायला शिकते आणि बायबलमध्ये प्रत्यक्षात काय लिहिलं आहे ते पहिल्यांदा स्वतः वाचते. शिकवलेलं आणि लिहिलेलं यांतला फरक तिला कळतो, तिथं गिलियड आतून ढासळू लागतं. यात पाठलाग नाही, रक्त नाही; फक्त पान आणि बोट.

२०२५च्या शेवटच्या भागात जून जळक्या घरातल्या आपल्या जुन्या खोलीत परत येते, खिडकीशी बसते आणि रेकॉर्डर सुरू करते. कॅसेटा अखेर आल्या. पण पुस्तकात त्या लपलेल्या बाईनं, पुढं काय होणार हे ठाऊक नसताना भरलेल्या होत्या. इथं बॉस्टन मुक्त झालं आहे आणि बोलणारी त्या लढ्याची नायिका आहे. पिएक्झोटो कुठंच नाहीत. तिच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही, कुणी हसणार नाही.

चित्रपटानं आवाज काढून टाकला, मालिकेनं तो विजयी केला. दोन्हींमध्ये ऑफ्रेडची साक्ष अर्धी राहिली. मालिकेचा पहिला हंगाम मात्र कादंबरीच्या शेजारी ठेवण्याजोगा आहे. ज्यांनी यातलं काहीच पाहिलं-वाचलं नसेल, त्यांनी आधी कादंबरी घ्यावी, मग तो पहिला हंगाम पाहावा आणि तिथं थांबून ‘द टेस्टामेंट्स’ उघडावं. आणि दोन्ही पुस्तकांच्या शेवटी छापलेल्या परिषदांच्या व्याख्यानांची पानं कृपा करून वगळू नका.