बिस्किटाचा सांधा

श्रोतेहो, बिस्किट म्हटले की आपल्याला चहा आठवतो. पण आज मी ज्या बिस्किटाविषयी बोलणार आहे ते खाण्याचे नाही. ते लाकडाचे आहे, चपटे आहे, दोन्ही टोकांना निमुळते आहे, आणि दोन फळ्यांच्या पोटात बसून त्यांना धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. सुतारकाम करणाऱ्यांना ते ठाऊक हवे. पण ज्यांना घरासाठी किंवा शाळेसाठी कपाट करून घ्यायचे आहे त्यांनाही ते ठाऊक असलेले बरे. कारण करून घेणाऱ्याला काम कळत असेल, तरच करणाऱ्याच्या मेहनतीचे चीज होते.

एका खेड्यातल्या शाळेची गोष्ट सांगतो. वाचनालयासाठी पार्टिकल बोर्डाचे कपाट करून घेतले होते. दिसायला झकास, पण फळ्या नुसत्या खिळ्यांनी ठोकलेल्या. एक पावसाळा गेला आणि मधली फळी एका बाजूने सुटून पुस्तकांसकट खाली आली. तिथे बसून वाचणारी मुले घंटा झाल्यामुळे नुकतीच उठून गेली होती, म्हणून निभावले. मुख्याध्यापक मिस्त्रींना म्हणाले, "अहो मिस्त्री, माझ्या आजोबांची पेटी अजून शाबूत आहे आणि तुमचे कपाट वर्षभर टिकू नये?" मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, ती पेटी सागवानाची. तिथे लाकडातून कुसू काढता येते. ह्या फळीतून कुसू काढायला गेलो तर हातात भुसाच येईल."

मंडळी, दोघांचेही खरे होते. सागवान, शिसम अशा अस्सल लाकडात लांब रेषा असतात. एका तुकड्याला कुसू काढायचे, दुसऱ्यात पटाशीने तेवढेच भोक खणायचे आणि दोन्ही एकात एक घट्ट बसवायचे, हा आपल्या सुतारांचा पिढीजात सांधा. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकासारख्या रसायनात कालवून, दाबून केलेली फळी. तिला रेषाच नाहीत. तिच्या कडेत खिळा ठोकला की चुरा बाजूला सरतो, फळी आतून फुगते, आणि खिळ्याला धरायला काही उरत नाही. त्यावर पुस्तकांचे ओझे. तीन फूट रांगेत उभी ठेवलेली पुस्तके वीस-पंचवीस किलो सहज भरतात.

हीच अडचण पूर्वी युरोपातल्या सुतारांपुढे उभी राहिली. स्वित्झर्लंडमध्ये लिस्टाल नावाचे गाव आहे. तिथे हर्मान श्टायनर ह्या सुताराने १९४४ साली आपला कारखाना काढला. १९५०च्या दशकाच्या मध्याला चुऱ्याच्या फळ्या बाजारात नवीन होत्या, आणि त्या सोप्या रीतीने जोडायच्या कशा ह्याचा तो शोध घेत होता. त्यातून त्याने ही बिस्किटाची युक्ती काढली आणि तिला 'लामेलो' असे नाव दिले. 'लामेले' म्हणजे जर्मन भाषेत पातळ पापुद्रा. पुढे १९६८ साली हातात धरून चालवायचे यंत्र निघाले, आणि हा सांधा जगभरच्या लहान लहान कारखान्यांत पोचला.

आता ह्या बिस्किटात एवढे काय आहे ते पाहू. बीच नावाच्या एका परदेशी झाडाचे लाकूड यंत्राने दाबून ते केलेले असते. जाडी सुमारे ४ मिलिमीटर. नेहमी लागणारी मापे तीन. शून्य नंबर ४७ मिलिमीटर लांब आणि १५ रुंद, दहा नंबर ५३ लांब आणि १९ रुंद, वीस नंबर ५६ लांब आणि २३ रुंद. लाकडाच्या रेषा त्यात तिरप्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे ते लांबीत सरळ चिरत नाही. आणि मुख्य गंमत अशी की, दाबलेले लाकूड ओले झाले की फुगते. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या सरसात पाणी असते. ते पाणी पिऊन बिस्किट खाचेच्या आत फुगते आणि दोन्ही अंगांनी घट्ट आवळून बसते. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते ना, तेच. तिथे ते फुगणे आपल्याला नडते, इथे आपण त्यालाच कामाला लावले आहे.

खाच पाडणारे यंत्र दिसायला गावातल्या ग्राइंडरसारखेच असते. पुढे सुमारे १०० मिलिमीटर व्यासाचे गोल पाते. पण ते एरवी झाकलेले राहते. यंत्र फळीला टेकवून पुढे दाबले की पाते बाहेर येते, अर्धचंद्रासारखी खाच पाडते, आणि हात सैल केला की स्प्रिंगने परत आत जाते. खाच किती खोल पडावी हे एका खुंटीवर ठरवता येते. वीस नंबरच्या बिस्किटाला दोन्ही फळ्यांत साधारण १२ मिलिमीटर खोल खाच लागते. म्हणजे १८ मिलिमीटर जाडीच्या फळीत ६ मिलिमीटर शिल्लक राहते. फळी १२ मिलिमीटरचीच असेल तर शून्य नंबर घ्यावा. त्याला ८ मिलिमीटर खोली पुरते.

आता कृती सांगतो. समजा, एक फूट म्हणजे ३० सेंटिमीटर रुंदीची फळी कपाटाच्या बाजूला जोडायची आहे.

पहिली गोष्ट, सरस न लावता फळ्या जागेवर धरून पाहा आणि गुण्या लावून काटकोन तपासा. मग दोन्ही फळ्यांवरून जाईल अशी पेन्सिलची आडवी रेघ ओढा. कडेपासून ६, १५ आणि २४ सेंटिमीटरवर अशा तीन रेघा पुरेत. लांब सांधा असेल तर टोकापासून पाच-सात सेंटिमीटर सोडून पुढे दर पंधरा-वीस सेंटिमीटरवर एकेक बिस्किट घालावे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक फळीच्या दर्शनी बाजूला खूण करा आणि यंत्र नेहमी त्याच बाजूवर टेकवा. एका फळीला वरून आणि दुसरीला खालून माप घेतले, तर जाडीतला केसभर फरकही सांध्यात पायरी होऊन दिसतो.

तिसरी गोष्ट, यंत्रावरची मधली खूण आपल्या रेघेशी जुळवा, पाते पूर्ण वेगात येऊ द्या आणि मगच सावकाश पुढे दाबा. घाईने दाबले तर यंत्र बाजूला सरकते आणि खाच तिरपी पडते. खाचेतला भुसा काढून टाका. भुशावर लावलेला सरस भुशालाच चिकटतो, फळीला नाही.

चौथी गोष्ट, सरस खाचेच्या दोन्ही भिंतींना लागला पाहिजे. नुसता बिस्किटाला फासून चालत नाही. कडेलाही पातळ थर द्या, बिस्किटे बसवा, फळ्या मिटवा आणि क्लॅम्प आवळा. इथे वेळ दवडू नका, कारण पाच-दहा मिनिटांत बिस्किट फुगू लागते. खाच बिस्किटापेक्षा थोडी लांब असल्यामुळे सुरुवातीला फळी दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकवून नेमकी जुळवता येते. खुंट्यांच्या सांध्यात ही सवड नसते. तिथे एक भोक चुकले की सगळेच चुकले. कपाट आवळल्यावर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापे घ्या. ती सारखी भरली म्हणजे कपाट काटकोनात आहे. मग रात्रभर त्याला हात लावू नका.

आता चुका कुठे होतात ते सांगतो. बिस्किटाचा पुडा उघडा ठेवला तर पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवेतल्या ओलीनेच ती फुगतात आणि खाचेत शिरत नाहीत. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत, घरात पापड ठेवतो तशी. दुसरी चूक म्हणजे सरस वाळल्यासारखा दिसला की लगेच रंधा किंवा पॉलिश कागद मारणे. बिस्किटावरचा भाग तेव्हा ओलीने थोडा वर आलेला असतो. तो घासून सपाट केला, तर पूर्ण वाळल्यावर तिथे खळगा पडतो आणि पॉलिश केल्यावर तो नेमका डोळ्यांत भरतो. दोन-चार दिवस थांबलेले बरे.

आणि हा सांधा कुठे वापरू नये हेही ध्यानात ठेवले पाहिजे. खुर्ची आणि बाक ह्यांच्या पायांना माणूस हलतो तसा पीळ बसतो. तिथे बिस्किट पुरे पडत नाही. तिथे कुसूच हवे. दाराच्या चौकटीचेही तसेच. अस्सल लाकडाच्या फळ्या रेषेच्या दिशेने शेजारी शेजारी जोडताना मूळ ताकद सरसाचीच असते. बिस्किट त्यांना एका पातळीत ठेवते एवढेच. उघड्यावर, पावसात राहणाऱ्या वस्तूला साधा पांढरा सरस चालत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. काही ठिकाणी असे यंत्र नाही म्हणून ग्राइंडरलाच लाकडाचे दातेरी पाते लावून खाचा पाडतात. कृपा करून असे करू नका. ते पाते उघडे असते, गाठीत अडकले की क्षणात उसळते, आणि मग बोटांचा भरवसा नाही. यंत्र नसेल तर लाकडी खुंट्यांचा सांधा करा. वेळ अधिक लागेल, पण हात शाबूत राहील. बिस्किटाचे यंत्र असले तरी फळी टेबलाला क्लॅम्पने बांधावी, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला फडके लावावे, आणि पाते जिथून बाहेर येते त्यासमोर हात कधीही धरू नये. लहान तुकड्यात तर खाच पाडूच नये. मोठ्या फळीत आधी खाच पाडावी, तुकडा मग कापावा.

शिक्षक बंधूभगिनींना एक सोपा प्रयोग सुचवतो. सुताराकडून चार बिस्किटे आणा. दोन कोरडी ठेवा आणि दोन पाण्यात भिजवा. दहा मिनिटांनी व्हर्नियर कॅलिपरने चौघांची जाडी मुलांकडून मोजून घ्या आणि फळ्यावर आकडे लिहा. मग कोरडे बिस्किट लांबीत मोडून पाहायला सांगा. लाकडाच्या रेषा तिरप्या का ठेवल्या, हे न सांगता मुले ओळखतील. पाणी, लाकूड आणि ताकद ह्यांचा धडा एका तासात होईल.

त्या शाळेच्या कपाटाचे पुढे काय झाले? मिस्त्रींनी तालुक्याच्या गावी ओळखीच्या कारखान्यात फळ्या नेल्या, चुरगळलेल्या कडा कापून टाकल्या, आणि बिस्किटे घालून कपाट पुन्हा जोडले. फळी तीन फुटांची होती ती अडीच फुटांची केली, म्हणजे ओझ्याने मध्ये वाकणेही कमी झाले. मागून प्लायवूडची पाठ मारली, म्हणजे कपाट बाजूला कलायला नको. गुरुजींनी पुस्तके लावण्याआधी मधल्या फळीवर दोन्ही हातांनी जोर देऊन पाहिला. मिस्त्री म्हणाले, "दाबा गुरुजी, दाबा. सांधा दिसत नाही, पण आत आहे."