व्हाइट हाउसला त्याचा इतिहास परत मिळवून देणारी जॅकलिन केनेडी

सत्तेच्या वास्तूंमधलं जुनं सामान जातं कुठे? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान असलेल्या व्हाइट हाउसचं बरंचसं चक्क विकलं जायचं! १८८२ साली राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी २४ गाड्या भरून सामान लिलावात काढलं होतं.

१९६१ मध्ये जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या पत्नी जॅकलिन यांनी हे चित्र बदललं. त्यांना नुसती सजावट नको होती, अस्सल इतिहास हवा होता. त्यांनी काय केलं?

🔹 जुन्या फर्निचरचे जाणकार हेन्री ड्यू पाँट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.
🔹 व्हिक्टोरिया राणीने १८८० मध्ये भेट दिलेलं, ‘रेझोल्यूट’ जहाजाच्या लाकडाचं टेबल ओव्हल ऑफिसमध्ये आणवलं.
🔹 १९६२ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्या विक्रीतून कामाला पैसा मिळाला.
🔹 १४ फेब्रुवारी १९६२ रोजी टीव्हीवरून लोकांना वास्तू फिरवून दाखवली. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली.

सगळ्यात मोलाचं काम म्हणजे सप्टेंबर १९६१ चा कायदा. त्यामुळे व्हाइट हाउसमधल्या ऐतिहासिक वस्तू आता कोणालाही विकता येत नाहीत. वापरात नसतील तर त्या स्मिथसोनियन संस्थेकडे जातात.

सत्तेच्या वास्तूतला इतिहास लोकांसमोर आणण्याचं उदाहरण आपल्या मुंबईतही आहे. मलबार हिलच्या राजभवनाखाली २०१६ मध्ये ब्रिटिशकालीन भुयार सापडलं आणि २०१९ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. अशा वास्तू जनतेच्या मालकीच्या असतात. म्हणून त्यांची डागडुजी जाणकारांच्या सल्ल्याने, नोंदी ठेवून आणि लोकांना दाखवूनच व्हायला हवी.