रोमन संख्याचिन्हांत रूपांतर, सी भाषेतील
दशमान संख्या रोमन अक्षरचिन्हांत मांडण्याची संगणकीय कृती. १,००० पासून १ पर्यंतची तेरा मूल्ये (९००, ४००, ९०, ४० इ. धरून) उतरत्या क्रमाने घेऊन प्रत्येक मूल्य शक्य तितक्या वेळा वजा करतात व दर वेळी त्याचे चिन्ह अक्षरमालेच्या शेवटी जोडतात.

गणित अचूक असूनही उत्तर चुकल्यास दोष बहुधा अक्षरमालेच्या हाताळणीत असतो. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास विकसित केलेल्या सी भाषेत अक्षरमालेची लांबी वेगळी नोंदलेली नसते. तिचा शेवट शून्याक्षरावरून ओळखला जातो. त्यामुळे पुढील तीन दोष विशेष आढळतात : (१) जोडणीपूर्वी पहिल्या स्थानी शून्याक्षर न ठेवल्यास स्मृतीतील जुनी अक्षरे उत्तरात मिसळू शकतात. (२) १ ते ३,९९९ मधील सर्वांत लांब रूप ३,८८८ चे, म्हणजे १५ अक्षरांचे असते. त्यास १६ स्थाने लागतात. पंधराच राखल्यास शून्याक्षर शेजारच्या स्मृतीत लिहिले जाते. (३) फलनातील स्थानिक अक्षरमालेचा पत्ता परत दिल्यास फलन संपताच तो निरुपयोगी ठरतो. म्हणून अक्षरमाला व तिचा आकार बाहेरून पुरवणे इष्ट असते.

हे दोष दर वेळी प्रकट होतातच असे नाही. त्यामुळे चाचणीत ४, ९, ३,८८८ व ३,९९९ या संख्यांचा अंतर्भाव आवश्यक ठरतो.