आधी विचारा, बहिणी किती?

परभणीत वसमत रोडला किंवा कारेगाव रोडला प्लॉट बघायला गेलात, की नवखा एजंट आधी रस्त्याची रुंदी सांगतो. मुरलेला मध्यस्थ तुम्हाला विकणाऱ्याच्या घरी नेतो. चहा होतो, पाऊसपाण्याच्या गप्पा होतात आणि मग तो सहज विचारतो, "काका, भावंडं किती तुम्ही? बहिणी कुठं दिल्यात?" घेणाऱ्याला वाटतं, ओळखपाळख चालली आहे. खरं तर कागदांची तपासणी सुरू झालेली असते.

सोयरीक जुळवताना आपण आधी घराणं बघतो. जागेच्या व्यवहारातही जमिनीआधी विकणाऱ्याचं कुटुंब बघायचं, हा चांगल्या मध्यस्थाचा पहिला नियम. बहुतेक भांडणं बांधावरून नाही, सुटलेल्या वारसावरून होतात.

सातबारा हातात घेतला की भोगवटादाराच्या नावांवर थांबा. जुन्या सातबाऱ्यावर किंवा फेरफारात नावापुढे "ए. कु. मॅ." दिसलं, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. "अ. पा. क." दिसलं, तर अज्ञान वारसाच्या वतीनं पालनकर्त्याचं नाव लागलं आहे. वारसानं आलेला अज्ञानाचा हिस्सा पालकाला विकायचा असेल, तर न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल तर ते मूल सज्ञान झाल्यावर व्यवहाराला आव्हान देऊ शकतं.

आता बहिणींकडे या. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात नसले तरी हा हक्क टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. वडील गेल्यावर वारसाच्या फेरफारात फक्त भावांची नावं लागली असतील, तरी बहिणीचा हक्क संपत नाही. फेरफार ही महसुली नोंद आहे, ती मालकी ठरवत नाही. बहिणीला हिस्सा नको असेल, तर तिनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, नाहीतर खरेदीखतावर विकणारी म्हणून सही करावी. नुसत्या बाँडवर नोटरीसमोर "माझी हरकत नाही" एवढं लिहिलेलं पुरत नाही. बहीण सहीला तयार नसेल, तर चांगला मध्यस्थ तिच्यावर दबाव आणत नाही, सौदा थांबवतो.

मराठवाड्याची आणखी एक गोष्ट. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्यामुळे जुने कागद बरेचदा उर्दूत सापडतात, इनाम आणि कूळ यांचे कायदेही इथं हैदराबादचे लागू झाले. म्हणून सातबाऱ्यापाशी न थांबता 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत मागे जावं. जमीन मूळची इनामाची होती का, कुळाला मिळालेली होती का, हे तिथं उलगडतं. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" लिहिलं असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय इसार देऊ नका.

मग प्लॉटचा प्रकार. 30 बाय 40 चा प्लॉट म्हणजे 1200 चौरस फूट. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे हा प्लॉट गुंठ्याहून थोडाच मोठा. मंजूर एनए लेआउटमधला असेल तर अडचण नाही. बिगरशेती आदेश आणि मंजूर नकाशा मागा, आणि नकाशातला प्लॉट नंबर जागेवरच्या खुणेशी जुळवून बघा. शेतजमिनीतला तुकडा असेल तर मात्र तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. 2023 मध्ये राज्यानं बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा सर्वांत लहान तुकडा, 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे ठरवलं. नंतर शहरी पट्ट्यासाठी सवलती आल्या, पण प्रत्येक तुकडा त्यात बसतोच असं नाही. "सध्या बाँडवर घेऊन ठेवा, पुढे नावावर होईल" असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा. आणि जुन्या घराच्या बाबतीत घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही, हे लक्षात ठेवा.

मध्यस्थालाही तपासा. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदणी असलेल्या प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली आहे. नंबर मागितला की खरा एजंट रागावत नाही. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

पैशांचं गणित आधीच मांडून ठेवा. इसार धनादेशानं किंवा बँकेतून द्या, कारण जागेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. इसारपावतीत गट नंबर, चतुःसीमा, मुदत आणि व्यवहार मोडल्यास पैसे कसे परत मिळतील, हे चारही लिहून घ्या. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर लागतं. महापालिका हद्दीत ते साधारण 6 टक्के, शिवाय नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. म्हणजे 12 लाखांच्या प्लॉटला 72,000 अधिक 12,000. तयार घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सवलत आहे. मोकळ्या प्लॉटला ती मिळत नाही.

जागा शक्यतो एप्रिल-मे मध्ये बघा. आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. भेगेत काठी घालून बघा, किती खोल जाते ते. पाया मुरमापर्यंत न्यावा लागणार असेल, तर तो खर्च प्लॉटच्याच किमतीत धरा. शेजाऱ्याला विचारा, नळाला पाणी किती दिवसांआड येतं आणि बोअर कुठल्या महिन्यात आटतो. पावसाळ्यात पुन्हा एक फेरी मारा, रस्ता कुठं तुंबतो ते कळेल.

रजिस्ट्री झाली म्हणजे काम संपलं नाही. खरेदीखतानंतर फेरफाराची नोंद होते, हरकतीसाठी नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. तेव्हा सातबाऱ्यावर तुमचं नाव येतं. दलाली ठरवतानाच सांगून टाका, की तिचा शेवटचा भाग नाव लागल्यावर मिळेल. जो मध्यस्थ ही अट हसत मान्य करतो, त्याच्याच गाडीत बसून प्लॉट बघायला जा.