कॅबरेंतील अर्धें वाक्य

'कॅबरे' हा शब्द कानीं पडतांच महाराष्ट्रांतील बहुतेकांच्या डोळ्यांपुढें हिंदी चित्रपटांतील भडक नृत्य उभें राहतें. जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांत मात्र या शब्दाला निराळी प्रतिष्ठा आहे. खाणेंपिणें, गाणेंबजावणें आणि चालू राजकारणाची थट्टा हीं तिन्ही जेथें एका छपराखालीं नांदतात, तें कॅबरे, असा तेथील अर्थ आहे.

मूळ शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ मद्यगृह. १८८१ सालीं पॅरिसच्या माँमार्त्र भागांत रोदोल्फ सालीस या गृहस्थानें 'ल शा न्वार', म्हणजे 'काळें मांजर', या नांवाचें मद्यगृह उघडलें. कवींनीं तेथें पियानोच्या साथीवर स्वतःचीं गाणीं म्हणावीं, आणि मधल्या वेळांत मालकानें गिऱ्हाइकांची व राज्यकर्त्यांची सारख्याच अदबीनें टर उडवावी, असा परिपाठ पडला. पुढें विख्यात झालेला संगीतकार एरिक साती हाही तेथें पियानो वाजवीत असे. १९०१ सालीं ही प्रथा बर्लिन व म्यूनिक येथें पोहोंचली. परंतु बादशाहीच्या अमलांत प्रयोगाची संहिता आगाऊ पोलिसांपुढें ठेवावी लागे. १९१८ सालीं बादशाही कोसळली, तिच्याबरोबर हें पूर्वनियंत्रणही गेलें, आणि जर्मन कॅबरेला खरा कंठ फुटला.

या तीन गोष्टींचा संयोग केवळ योगायोगाचा नव्हे. नाट्यगृहांत प्रेक्षक अंधारांत, रांगेंत, मुकाट्यानें बसतो. कॅबरेंत तो लहानशा टेबलाशीं, पेला पुढें ठेवून, मित्रांसमवेत बसलेला असतो. त्यामुळें रंगमंचावरील बोलणें त्याला स्वतःच्याच गप्पांचा एक भाग वाटतें. निवेदक एखादें बोचक वाक्य बोलतो, आणि कोणी हरकत घेण्यापूर्वींच पियानोचे सूर सुरू होतात. शिवाय, निपुण निवेदक वाक्य पुरें करीत नाहीं. उरलेला अर्धा भाग श्रोत्यानें मनांतल्या मनांत पुरा करावयाचा असतो. तो पुरा झाल्याची खूण म्हणजे हास्य. सारी खोली एकदम हंसली, म्हणजे प्रत्येकास कळून चुकतें कीं, हा विचार करणारे आपण एकटेच नाहीं.

या अर्ध्या वाक्याची कसोटी बर्लिन येथें लागली. वेर्नर फिंक व त्याचे सहकारी यांनीं १९२९ सालच्या ऑक्टोबरांत 'काटाकोंबे' नांवाचें कॅबरे सुरू केलें होतें. १९३३ च्या जानेवारींत हिटलर सत्तेवर आला. अनेक कलावंत देश सोडून गेले. फिंक मात्र बोलतच राहिला. प्रेक्षकांत बसून टिपणें घेणाऱ्या गुप्त पोलिसांना तो नम्रपणें विचारी कीं, आपण माझ्याबरोबर येत आहांत ना, कीं मलाच आपल्याबरोबर यावें लागेल? 'बरोबर येणें' याचा जर्मन भाषेंत 'बोलणें समजत जाणें' असाही अर्थ होतो.

त्याच्या एका प्रवेशांत शिंपी गिऱ्हाइकाचें माप घेत असतो. गिऱ्हाईक उजवा हात पुढें उंचावतो, तो खालीं येतच नाहीं. हा काय प्रकार, असें शिंप्यानें विचारतां उत्तर मिळतें, 'आउफगेहोबेने रेष्टे'. 'उचललेला उजवा हात' हा त्याचा एक अर्थ. 'रद्द केलेले हक्क' हा दुसरा. हिटलरी वंदनाचें एवढें नेमकें भाष्य दोन शब्दांत झालें, आणि तेंही शिंप्याच्या दुकानांत!

१९३५ च्या मे महिन्यांत सरकारनें काटाकोंबेला टाळें ठोकलें व फिंकची रवानगी एस्टरवेगेन येथील छळछावणींत केली. कांहीं आठवड्यांनीं तो सुटला. पुढें खटला चालला. त्यांत पुराव्याअभावीं तो निर्दोष ठरला. जो शब्द उच्चारलाच गेला नाहीं, तो न्यायालयापुढें हजर करणें सोपें नसतें. तथापि १९३९ सालीं त्याचा रंगमंचावरील व्यवसायच बंद करण्यांत आला.

इतरांचें दैव इतकेंही बलवत्तर नव्हतें. व्हिएन्ना येथील लोकप्रिय निवेदक फ्रिट्स ग्रूनबाउम हा ज्यू होता. १९३८ सालीं ऑस्ट्रिया जर्मनींत विलीन होतांच तो पकडला गेला, आणि १९४१ च्या जानेवारींत दाखाउच्या छावणींत त्याचा अंत झाला.

विनोदानें हिटलरचें आसन डळमळलें, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. सायंकाळीं टेबलाशीं मनमुराद हंसणारे अनेक गृहस्थ दुसऱ्या दिवशीं कचेरींत निमूटपणें हात उंचावीत असले पाहिजेत. कॅबरेचें कार्य याहून मर्यादित होतें. उघड बोलणें अशक्य झालें असतां, समोरच्या माणसाच्या मनांतही तेंच आहे, एवढी खात्री तें देत असे. ती खात्री राज्यकर्त्यांना मात्र क्षुल्लक वाटली नाहीं. एरव्हीं शिंप्याच्या थट्टेसाठीं त्यांनीं छळछावणीचें दार उघडलें नसतें.