जपान जिथलं तिथे खावं

जपानला निघालेल्या मराठी प्रवाशाच्या यादीत सुशी आणि रामेन ठरलेलेच असतात. दोन्ही जरूर खावेत, पण ते आता मुंबई-पुण्यातही मिळतात, आणि तेवढंच खाऊन परतणाऱ्याला जपानची सगळीकडे सारखी झालेली चव तेवढी कळते. या देशाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग डोंगराळ आहे. भाताजोगी सपाट जमीन थोडी, हिवाळ्यात बर्फाने बंद होणारे घाट, आणि चहूकडे समुद्र. इथे गावोगावचं जेवण आवडीनिवडीपेक्षा अडचणींनी ठरवलं: काय पिकत नव्हतं आणि काय किती लांबून आणावं लागत होतं. म्हणूनच हे पदार्थ त्या अडचणीच्या जागी जाऊन खावेत, असं माझं ठाम मत आहे.

शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतात पाऊस कमी पडतो. भातासाठी तिथल्या लोकांनी शतकानुशतकं हजारो तळी बांधली. त्यातल्या मान्नो तलावाची दुरुस्ती इ.स. ८२१ मध्ये कूकाई या बौद्ध भिक्षूच्या देखरेखीखाली झाली. पण कोरड्या हवेला गहू मानवतो, आणि समोरच्या समुद्रातून मीठ आणि छोटी मासळी मिळते. या तिन्हींतून सानुकी उदोन घडला: गव्हाच्या जाड, चिवट शेवया आणि सुकवलेल्या मासळीचा रस्सा. यामानाशीच्या डोंगरांतही भातशेतीला जागा अपुरी होती. तिथे रुंद शेवया लाल भोपळ्यासह मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शात शिजवतात आणि त्या पदार्थाला ‘होतो’ म्हणतात. नागानोच्या थंड, हलक्या जमिनीत कुट्टूच तग धरून राहिला, म्हणून तिथला सोबा, म्हणजे कुट्टूच्या शेवया, नावाजला.

अंतराची गोष्ट याहून रंजक आहे. क्योटो ही हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी होती, पण समुद्रापासून दूर. उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या ओबामा गावातून बांगड्याच्या जातकुळीतला साबा मासा मीठ लावून, सुमारे ७० किलोमीटर डोंगर तुडवत माणसं पाठीवर आणत. क्योटोला पोचेपर्यंत मीठ बेताचं मुरलेलं असे, आणि त्यातूनच तिथली सणासुदीची साबा-सुशी जन्मली. त्या वाटेला आजही साबा-मार्गच म्हणतात. कोंबू या समुद्रशेवाळाचा प्रवास तर त्याहून लांबचा. तो उगवतो होक्काइदोच्या गार पाण्यात. एदो काळात व्यापारी जहाजं तो जपानच्या पश्चिम किनाऱ्याने ओसाकाकडे नेत. वाटेवरच्या तोयामात कच्ची मासळी कोंबूच्या पट्ट्यांत दाबून मुरवण्याची रीत पडली, आणि ओसाकाचा फिकट, गोडसर रस्सा त्याच्यावरच उभा राहिला. पुढे तो सात्सुमा आणि ऱ्युक्यू राज्य (आजचं ओकिनावा) यांच्यामार्गे चीनला विकला जाई. ओकिनावाच्या समुद्रात कोंबू उगवत नाही, तरी तिथल्या घराघरांत तो डुकराच्या मांसाबरोबर परतून खातात. व्यापाराचा एवढा मोठा इतिहास इतक्या साध्या पदार्थात क्वचितच सापडतो.

यावर कुणी म्हणेल की टोकियोत सत्तेचाळीसही प्रांतांचं जेवण मिळतं, मग इतकी पायपीट कशाला? पदार्थ टोकियोत येतो, पण त्याचं कारण मागेच राहतं. शिगा प्रांतातली फुनाझुशी घ्या. बिवा सरोवरातला मासा आधी मिठात आणि मग भातात वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवतात. सुशीचं हे फार जुनं रूप, आणि वास उग्र. शहरातल्या दुकानात ती नुसती विचित्र वाटेल. बिवाच्या काठी, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला भातशेती असताना, मासा टिकवण्याची ती केवढी शहाणी युक्ती होती हे लगेच कळतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यातलं पारंपरिक ते किती? हिरोशिमाचं कोबी आणि शेवयांच्या थरांचं ओकोनोमियाकी महायुद्धानंतरच्या टंचाईत, अमेरिकेहून आलेल्या गव्हाच्या पिठावर वाढलं. नागासाकीचं चानपोन हे शेवयांचं सूप मेइजी काळात एका चिनी खानावळवाल्याने विद्यार्थ्यांसाठी सुरू केलं. खरं आहे, पण माझ्या लेखी पदार्थाचं वय दुय्यम ठरतं. बेचिराख शहराने उपलब्ध पिठातून पोट भरलं, ही अडचण साबा-मार्गाइतकीच खरी आहे. २००७ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने ग्रामीण पदार्थांची यादी केली, तेव्हा अशा नव्या लोकप्रिय पदार्थांनाही वेगळी जागा दिली होती.

आपल्याकडच्या शाकाहारी प्रवाशाची अडचण मात्र खरीच आहे. जपानी रश्शाचा पाया बहुधा सुकवलेल्या माशाचा असतो. भाजीत, सोब्याच्या चटणीवजा रसात, मिसोच्या सुपातही तो असतो, तेव्हा ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. पण शाकाहाऱ्यासाठीही एक प्रादेशिक जेवण आहे आणि तेही अव्वल दर्जाचं. मान्नो तलाव दुरुस्त करणाऱ्या त्याच कूकाईला ८१६ मध्ये कोयासानचा डोंगर मठासाठी मिळाला. तिथल्या मठांतल्या जेवणात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, आणि रस्सा कोंबू आणि शिताके अळंबीचा. तिळाचं मऊ गोमा-दोफू तिथलंच. हिवाळ्याच्या कडाक्यात गोठवून वाळवलेला टोफू तर त्या डोंगराच्या नावानेच ओळखला जातो. मठात मुक्कामाचीही सोय असते, फक्त आधी नोंदणी करून आपलं पथ्य स्पष्ट कळवावं. ओसाकाहून कोयासान सुमारे दोन तासांवर आहे. टोकियोतल्या खरेदीचा एक दिवस कमी करा आणि तो कोयासानला किंवा ओबामाला द्या.